गुलमर्गच्या उतारावरची घोषणा

ज्येष्ठमधाचा वास आला की मला गुलमर्गचा बर्फ आठवतो. बारावीत असताना शाळेच्या सहलीबरोबर तिथे गेलो, तेव्हा भोपाळला आमच्या वसाहतीतल्या कारखान्याच्या गेटवर बाबा साखळी उपोषणाला बसले होते. ठेक्यावरच्या कामगारांना कायम करा, एवढीच मागणी होती. मी सहलीला नको म्हणत होतो, पण त्यांनीच हट्टानं पाठवलं. पांढऱ्याशुभ्र उतारावर रंगीत जॅकेटांची जत्रा होती. भाड्याच्या ओलसर बुटांना स्नोबोर्डची फळी बांधली आणि मी सुटलो. गार वारा तोंडात शिरला, अंग कधी नव्हे इतकं हलकं झालं आणि लहानपणापासून पाठ असलेला एकच शब्द बाहेर पडला, "इन्कलाब!" खालून आमची सगळी टोळी ओरडली, "ज़िंदाबाद!" हसता हसता मी बर्फात लोळलो. मग "नेताजी, एक बार और!" सुरू झालं आणि मीही दर खेपेला मूठ उंचावून, बाबांच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करत उतरत राहिलो. परतल्यावर मित्रानं आमच्या क्वार्टरमध्येच सांगून टाकलं, "अंकल, इसने तो पहाड़ पर आंदोलन छेड़ दिया!" घोषणा देऊन बाबांचा आवाज पार बसला होता. गालात ज्येष्ठमधाची काडी होती. डोळे चमकले आणि त्यांनी मला जवळ बोलावून कुजबुजत विचारलं, "लोकांनी साथ दिली का रे?" मी म्हणालो, "दिली." आज त्याच गेटवर मी पत्रकं वाटतो, भाषणंही करतो. घोषणा मात्र दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लावतो; मी द्यायला गेलो की ती बर्फावरची बाबांची नक्कलच वाटते.