देवघरातला बेडूकमासा

आमच्या बदलापूरच्या घरात मासा चालत नसे. नुसतं नाव काढलं तरी सासूबाई चूळ भरून यायच्या. म्हणून मालवणला नोकरी करणाऱ्या माझ्या भावाने पाठवलेला वाळवलेला बेडूकमासा मी कपाटात साड्यांमागे दडवला. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, लष्कराच्या जुन्या बराकीत भरणाऱ्या मुलींच्या शाळेत मी शास्त्र शिकवत होते. मंगळवारी तपासनीस माझा या माशावरचा पाठ बघणार होते आणि त्यावर माझी नोकरी कायम व्हायची होती.

मंगळवारी सकाळी कपाट उघडलं, तर मासा गायब. सापडला तो देवघरात. अंगाला शेंदूर, डोक्यावर जास्वंद.

"अगं, तुझ्या साड्यांमागे स्वयंभू गणपती होता!" सासूबाई म्हणाल्या. "सोंड बघ की."

सोंड कसली, गळ तो. मूठभर मासा, अंगभर चामखिळी, खवला एक नाही. प्रवाळात स्पंज नाहीतर दगड होऊन बसतो, परांवर पाय टाकल्यासारखा चालतो, जागा बदलली की काही आठवड्यांत रंग बदलतो. कपाळावरच्या काडीचं आमिष हलवायचं आणि कोणी हुंगायला आलं की पापणी लवायच्या आत गट्टम. स्वतःएवढा मासासुद्धा गिळतो. पण मेल्यावर सासूबाईंना फसवलं, हे जास्तच झालं.

"वास येतोय त्याला," मी म्हटलं.

"येणारच. समुद्रातून आलाय देव. बघ, मुक्या जिवालाही कळतं."

आमचं मांजर चौरंगापासून हलत नव्हतं. त्याला खरोखरच कळलं होतं.

खरं सांगितलं असतं तर सगळं देवघर धुवावं लागलं असतं, आणि माझी गाडी सुटली असती. "शाळेत आज मोठे साहेब येतायत," मी म्हटलं. "देव बरोबर नेते."

"ने. आरतीला परत आण."

वर्गात टेबलावर चार दगड मांडले आणि त्यांत मासा ठेवला. तपासनीस म्हणाले, "मासा कुठाय?"

"शोधा, साहेब."

त्यांनी टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं. पोरी खिदळल्या. पुढच्या बाकावरची सिंधी मुलगी म्हणाली, "साहेब, वहाँ तो सिर्फ भगवान बैठा है."

मी भगवानाला उलटा केला आणि काखेतली कल्ल्यांची भोकं दाखवली.

"आणि हा शेंदूर?" साहेबांनी विचारलं.

"ठेवाल तिथला होतो, साहेब."

नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पावला की नाही?"

"पावला," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

त्यांनी त्याच्यापुढे पाच मोदक ठेवले. मांजराने मोदकांकडे ढुंकून पाहिलं नाही.