अर्ध्या सुताचा फरक

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा सूत त्याच्याही निम्मा, एखाद्या नाण्याच्या जाडीइतका. एवढ्याशा फरकापायी एका माणसाची चाळीस वर्षांची पत गेली. फरक माझा होता, आणि चार वर्षं मी त्यावर गप्प बसलो.

गोंदियात मी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतो. नंबर शोधून देणारा, अशी माझी ओळख. सैन्यातून लिलावात निघालेले जुने ट्रक आमच्याकडच्या जंगलात लाकडाच्या ठेक्यांवर खूप राबले. त्यांचे पार्ट बनणं केव्हाच बंद झालं. पण नंबर बरोबर असेल तर कुठल्या तरी दूरच्या गोदामातून, तेलकट कागदात गुंडाळलेला तो पार्ट अजून निघतो. नंबर चुकला तर काहीच निघत नाही. किंवा त्याहून वाईट, जवळपासच्या मापाचा निघतो.

इथल्या एका राइस मिलच्या शेठने असा ट्रक भंगारातून उचलला. तो त्याला जसा सैन्यात होता तसाच हवा होता, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायला. काम दिलं जवळच्या मुर्री गावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना. त्यांनी उमेदीत हेच ट्रक जंगलात उघडले-जोडले होते. मी त्यांना काकाजी म्हणायचो, ते मला बाबू. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. वाचणं माझं, हात त्यांचे, अशी आमची वाटणी.

एक गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. दारावरची पाटी पाहून नंबर काढायचा नाही.

"ते पाटी गाडी बनली तवाची. मंग गाडी कुठं कुठं गेली, कोणाचं लोखंड कोणाले लागलं, पाटीले का माहीत?"

खरं होतं. सैन्याच्या वर्कशॉपात एका ट्रकचा एक्सल दुसऱ्याला बसवणं रोजचंच. म्हणून ज्याचा पार्ट हवा त्याच्याच अंगावरची पाटी खरवडून वाचायची.

मागच्या चाकांच्या ब्रेक सिलिंडरातले रबरी वॉशर हवे होते. ती चाकं ज्या एक्सलवर होती त्याची पाटी ग्रीस, चिखल आणि तीन ठेकेदारांच्या तीन रंगांखाली गाडली गेली होती. काकाजींनी मला खाली शिरून ती वाचायला सांगितली आणि स्वतः इंजिनाकडे गेले. त्या दुपारी शेठच्या घरी जेवण होतं. मी पांढरा शर्ट घालून आलो होतो. मी दारावरची पाटी पाहिली, मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेलं पार्टचं पुस्तक उघडलं आणि नंबर लिहून घेतला.

"एक्सलची वाचली ना, बाबू?"

"हो."

दीड महिन्याने रबर आलं. काकाजींनी ते अंगठा आणि तर्जनीत धरून गोल फिरवलं, सिलिंडरात घालून पाहिलं, परत काढलं.

"हे ढिलं वाटून राहिलं."

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "काकाजी, पुस्तकात हाच नंबर आहे. सैन्याचं पुस्तक आहे, ते चुकेल का?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. वाचता येत असल्यासारखं, बराच वेळ. मग म्हणाले, "लिहून आहे तं बरोबरच असन. बोटंच म्हातारी झाली."

त्या वाक्यानंतरही मला वेळ होता. रबर बसवायला त्यांनी अख्खी सकाळ घेतली.

दवनीवाड्याच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहायला नेली. काकाजी चालवत होते, शेजारी शेठ, मागे मी उभा. दोन-तीनदा ब्रेक छान लागला. पुढे तळ्याजवळच्या वळणावर पाय थेट तळाला गेला. काकाजींनी गिअर पाडला आणि ट्रक धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या भातशेतात, उतरवला. शेताचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, फुटला, गाडी एका अंगावर कलून थांबली. कोणाला खरचटलंही नाही. असं थांबवणारा दुसरा मिस्त्री या जिल्ह्यात नव्हता. तसं कोणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

काकाजींनी वाकून मागच्या चाकाला हात लावला. बोटं तेलाने ओली झाली. "रबरातून गेलं," ते म्हणाले.

शेठ गुडघाभर चिखलात होता. "रबर का साइज नहीं समझता और चले मिलिट्री गाड़ी बनाने! बुढ़ऊ, अब घर बैठो!"

शेतात धानाची रोवणी करणारे मजूर जमले होते. त्यांतला एक म्हणाला, "शेठ, मिस्त्रीले चष्मा घेऊन द्या!" सगळे हसले. काकाजी माझ्याकडे पाहत होते. मी चिखलात रुतलेली चप्पल शोधत होतो. बराच वेळ शोधत होतो.

गाडी ओढून आणल्यावर दुसऱ्या दिवशी जुना शर्ट घालून मी खाली शिरलो. दहा मिनिटांत पाटी उघडी झाली. एक्सल दुसऱ्याच ट्रकचा होता, सिलिंडर अर्धा सूत मोठा. योग्य रबर मागवलं. भंडाऱ्याहून बोलावलेल्या दुसऱ्या मिस्त्रीने ते बसवलं आणि शेठ मला म्हणाला, "नंबर तो बाबू ने निकाला, मान गए!" जुनं रबर मी खिशात घातलं. कोणी मापू नये म्हणून.

काकाजींकडे नंतर कोणी गाडी नेली नाही, आणि त्यांनीही कोणाची मागितली नाही. यंदा काउंटरवर एक मिस्त्री दुसऱ्याला सहज म्हणाला, "नीट पाहून ने, नाही तर मुर्रीवाल्यावानी करशीन." म्हणजे आता त्याची म्हण झाली होती. मी उठलो आणि मुर्रीला गेलो.

ते अंगणात नातीच्या सायकलचं पंक्चर काढत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ट्यूब पाण्यात दाबून धरलेली, बुडबुडे येत होते.

"पाटी नाही वाचली? काऊन?"

"कपडे मळले असते."

त्यांनी बुडबुड्यांवर अंगठा दाबला. मग म्हणाले, "शेठले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून राहिला? रबर ढिलं आहे, हे मले तं तवाच माहीत होतं."

मी शेठकडे गेलो. ट्रक मिलच्या फाटकात उभा होता, चकचकीत हिरवा. शेठने ऐकून घेतलं, चहा मागवला. "अरे छोड़ो, पुरानी बात। गाड़ी तो बन गई ना? और उमर तो उनकी वैसे भी हो गई थी।" दोन हमाल आणि मुनीम तिथेच होते. त्यांच्यासमोर मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. मुनीम हिशेबातून मान वर न काढता हसला. खरं सांगायलाही एक वेळ असते. ती निघून गेल्यावर तुमचं खरं कोणालाच नको असतं.

तसाच मुर्रीला परतलो आणि शेठचे शब्द जसेच्या तसे सांगितले. काकाजींनी माझ्यापुढे हात केला.

"ते रबर आहे का?"

चार वर्षं कपाटात दडवलेलं रबर त्या दिवशी मुर्रीला निघताना मी घरून खिशात घातलं होतं. त्यांनी ते अंगठा आणि तर्जनीत धरलं, डोळे मिटले, हळूहळू गोल फिरवलं.

"अर्धा सूत," ते म्हणाले.

मग रबर आपल्या खिशात ठेवलं आणि सायकलच्या दुसऱ्या चाकाची ट्यूब पाण्यात दाबली. मला बस म्हणाले नाहीत.