जवस प्यायलेला ग्लोव्ह

बॅटला जवसाचं तेल पाजावं लागतं, हे मलकापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. प्रसन्न वानखडेलाही माहीत होतं. तो नुसतं माहीत असून थांबला असता, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण हा गडी ज्ञान वापरात आणणाऱ्यांपैकी.

कोलोनच्या विद्यापीठात बेसबॉल खेळणारी क्रांतीताई, सख्खी नव्हे पण गावाकडची, नोकरीचं पक्कं करायला दोन दिवस दक्षिण जर्मनीत गेर्लिंगेनला गेली होती. जाताना खेळाची बॅग प्रसन्नच्या कोलोनच्या खोलीवर टाकून म्हणाली, "ग्लोव्हकडे लक्ष ठेव रे." प्रसन्नने लक्ष ठेवलं. ठेवता ठेवता त्याला दिसलं की ग्लोव्हचं कातडं सुकलंय. शनिवारी तर विद्यापीठांची बेसबॉल स्पर्धा. ताईला खूश करायची याहून चांगली संधी कुठली? जवसाचं तेल जर्मनीत कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात मिळतं. ही माणसं ते उकडलेल्या बटाट्यांवर घालून खातात. त्याने अख्खी बाटली ग्लोव्हला पाजली. मग तेल आतपर्यंत मुरावं म्हणून ग्लोव्ह ट्रेमध्ये ठेवून मंद आचेवर ओव्हनमध्ये सरकवला आणि वरच्या मजल्यावर कॅरम खेळायला गेला.

बुधवारी संध्याकाळी ताई परत आली तेव्हा ग्लोव्ह टेबलावर होता. काळाकुळकुळीत आणि कडक. बोटाने टकटक केलं तर दार वाजवल्यासारखा आवाज यायचा.

"काय लावलंस?"

"जवसाचं तेल. बॅटला लावतो ना आपण..."

क्रांतीताईने खुर्ची ओढली आणि बसली. हवेत रंग कसा वाळतो, कसा टणक होतो, या एवढ्याशा प्रश्नावर ती चार वर्षं डॉक्टरेट करत होती. रंगात जवसाचं तेल घालतात, कारण ते वाळून कडक होतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण तिने व्याख्यान दिलं नाही.

"प्रसन्न, तू याला तेल नाही लावलंस. तू याला पेंट मारलास."

"मऊ नाही का होणार आता?"

"बघू." तिने ग्लोव्ह उलटा करून मागची शिवण तपासली. "दोरी शाबूत आहे. ते एक बरं झालं."

ती रागावली असती तर प्रसन्नला सोपं गेलं असतं. बुलडाण्याकडचं माणूस रागावलं की चार शब्द बोलतं आणि मग चहा करतं. ताईने थेट चहाच केला.

या ग्लोव्हला वंशावळ होती. क्रांती गवई ही चिखलीच्या जिल्हा परिषद शाळेतली. तिथे मुलींना सॉफ्टबॉल खेळायला लावत, कारण दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळत. बाकी मुलींनी गुण घेतले आणि खेळ सोडला. हिने उलटं केलं. पीटीच्या दत्ता सरांनी तिला कॅचर केलं, ते एका साध्या कसोटीवर. फलंदाजाच्या मागे बसून फेकलेला चेंडू झेलायचा, म्हणजे विकेटकीपरचंच काम, फक्त पुढे स्टंप नाहीत. सरांनी वर्गातल्या सगळ्या मुलींना एकेक करून तिथे बसवलं आणि चेंडू फेकला. डोळे न मिटणारी एकटी क्रांती निघाली. सर म्हणाले, "झालं, ही बसेल."

राज्याच्या शिबिरासाठी तिचं नाव आलं तेव्हा तिच्याकडे स्वतःचा ग्लोव्ह नव्हता. शाळेचा एकच होता, तो शाळेतच राहायचा. वडील यादवराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांनी कुणाच्या तरी ओळखीने एक वापरलेला ग्लोव्ह मिळवला. तो औरंगाबादहून ड्रायव्हरच्या सीटमागे बसून एसटीने चिखलीला आला. त्याची वादी तुटलेली होती. यादवरावांनी बसच्या सीटा शिवायच्या हिरव्या दोरीने, डेपोतल्याच दाभणाने ती शिवली. त्या ग्लोव्हसकट क्रांती राज्याच्या संघातून खेळली, अमरावतीला इंजिनिअर झाली आणि कोलोनला आली. इथल्या विद्यापीठाच्या टीममध्ये मुलंमुली एकत्र खेळतात. पहिल्या दिवशी कोच होल्गर त्या हिरव्या दोरीकडे बराच वेळ बघत राहिला होता.

प्रसन्न या टीमपाशी आला तो वेगळ्याच कारणाने. चौदा एप्रिलच्या जयंतीला कोलोनमधली मंडळी जमली होती. तिथे हा मुख्यतः जेवायला गेला. क्रांतीताई वाढत होती. मलकापूरचा आहे म्हटल्यावर तिने दोन पुऱ्या जास्त वाढल्या आणि विचारलं, "रविवारी काय करतोस? मैदानावर ये, बॅट फिरवायला मिळेल." तो क्रिकेट समजून गेला. बॅट गोल निघाली. तीन रविवार त्याने ती फिरवली, चेंडूला एकदाही लागली नाही. तेव्हापासून तो पाणी आणणं, बॅगा उचलणं आणि जोरात ओरडणं या तिन्ही खात्यांचा प्रमुख होता.

आणि आता हा प्रताप. ताईची ही शेवटची स्पर्धा होती. डॉक्टरेट संपत आली होती, पुढे गेर्लिंगेनची नोकरी. कोलोनची टीम साखळीच्या पुढे कधी गेली नव्हती. टीममधला दुसरा कॅचर टिमो, सहा फुटी माणूस. त्याचा ग्लोव्ह ताईने घालून पाहिला, तर हात परातीत ठेवल्यासारखा दिसला. बोटं टोकाला पोचेचनात. खेळायचं तर आपल्याच ग्लोव्हने, नाहीतर टिमो खेळणार.

"ठोकून बघ," ती प्रसन्नला म्हणाली. "आमच्या शाळेत नवा ग्लोव्ह मोगरीने ठोकायचे."

मोगरी कुठून आणणार? प्रसन्नच्या स्वयंपाकघरात मांस ठोकायचा लाकडी हातोडा होता, श्निट्झेल, म्हणजे ठोकून चपटं केलेलं तळलेलं मांस करायचा. गुरुवारी सकाळी त्याने दहा-बारा घाव घातले असतील नसतील, तोच खालच्या बाई दारात. आज फायरटाग आहे, सुट्टीच्या दिवशी घरात ठोकाठोक करत नाहीत, हे त्यांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं. जर्मन माणूस सभ्यपणे बोलायला लागला की वाद संपलेला असतो. प्रसन्न ग्लोव्ह आणि हातोडा घेऊन ऱ्हाइनच्या काठावर गेला आणि एका दगडावर बसून ठोकायला लागला.

त्या दिवशी जर्मनीत पुरुषमंडळी हातगाडीवर बिअर लादून गावभर हिंडतात. तसला एक जथा तिथून चालला होता. गाडी थांबली.

"काय करतोयस?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"श्निट्झेल," प्रसन्न म्हणाला.

त्यांनी ग्लोव्ह हातात घेऊन पाहिला. खरी हकीकत ऐकली आणि गंभीर झाले. जवसाच्या तेलाचं नाव काढल्यावर एकाने डोक्यालाच हात लावला. मग हातोडा आळीपाळीने फिरला. ऱ्हाइनकाठी सात-आठ बाप्ये चिखलीचा ग्लोव्ह बडवतायत आणि प्रसन्न मधे मधे "दोरी सांभाळा, दोरी," म्हणतोय, असा तो देखावा. संध्याकाळपर्यंत त्या दाराचा पुठ्ठा झाला. म्हणजे थोडा वाकायचा. मिटत मात्र नव्हता.

प्रसन्नने झाल्या प्रकाराची कबुली टीमला देऊन टाकली. त्या टीममध्ये एक रीत होती. मैदानाबाहेर कुणी गोंधळ घातला की त्याने केक आणायचा. विकतचा चालत नाही, स्वतः भाजलेला पाहिजे. किल्ली हरवली, केक. उशिरा आला, केक. होल्गरने हकीकत शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, "असं आहे तर, हा मोठा केक आहे."

शनिवारी पहिला सामना. लेनार्ट हा टीमचा पिचर, म्हणजे गोलंदाज. स्वभावाने गाय, पण चेंडू असा टाकतो की पूर्वजन्मीचं वैर असावं. त्याचे तीन चेंडू ताईच्या ग्लोव्हवर आपटून भिंतीवरून यावेत तसे उडाले. त्यातल्या दोन चेंडूंवर समोरच्यांनी धावा चोरल्या. सामना गेला. प्रसन्न पाण्याच्या बाटल्या मोजत असल्याचं सोंग करत जमिनीकडे बघत उभा होता.

होल्गर ताईजवळ आला. "क्रांती, पुढच्या सामन्यात एक जरी सुटला, तर टिमो."

"गेनाऊ," ताई म्हणाली. म्हणजे बरोबर आहे. तिला तक्रार करता येत नाही, हा तिचा एक दोषच.

दुसऱ्या सामन्याआधी ती प्रसन्नशेजारी येऊन बसली.

"डबा असतो ना, झाकण नीट न बसणारा. त्याचं काय करतो आपण?"

"वरून हात दाबून धरतो."

"मग तेच करायचं."

होल्गर दोन वर्षं तिला एकच गोष्ट सांगत आला होता: मोकळा हात पाठीमागे ठेव, नाहीतर बोट मोडेल. दत्ता सरांनी शिकवलेलं नेमकं उलटं होतं. चेंडू ग्लोव्हमध्ये आला रे आला की दुसरा हात वर, कारण शाळेचा ग्लोव्ह फाटका होता आणि भरवसा हातावरच होता. ताई ती सवय मोडण्यासाठी दोन वर्षं झगडली होती. आता तिने ती परत बोलावली. धप्प, की वरून उजवा हात. धप्प, की हात. होल्गर पहिल्या डावात ओरडला, दुसऱ्या डावात पुटपुटला आणि तिसऱ्यापासून गप्प बसला. एकही चेंडू सुटला नाही. कोलोन जिंकलं आणि धावांच्या फरकावर उपांत्य फेरीत गेलं. ताईचा अंगठा संध्याकाळी गाजरासारखा दिसत होता. प्रसन्नने त्यावर काहीतरी लावायची तयारी दाखवली.

"तू कशालाच काही लावू नको, बाबू," ती म्हणाली.

रविवारची उपांत्य फेरी. शेवटचा डाव, कोलोन एका धावेने पुढे. समोरच्यांचे दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ खलास; एक भिडू दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर उभा. तो धावत ताईपर्यंत, म्हणजे होम प्लेटपर्यंत पोचला, तर बरोबरी. फलंदाजाने चेंडू लांब मारला. दुसऱ्या बेसवरचा पठ्ठ्या सुटला आणि तिसऱ्या बेसवर न थांबता सरळ निघाला. अंगाने चांगला दांडगा. लांबून चेंडू आला, एक टप्पा खाऊन, जरा उंच.

ओरडणं हे प्रसन्नचं खातं. पण ऐन वेळी तो पाण्याच्या बाटलीचं झाकण चावत उभा होता.

ताईने ग्लोव्ह वर केला, चेंडू त्यात आदळला आणि उजवा हात वरून बसला. तशीच दोन्ही हातांनी ती खाली वाकली आणि घसरत येणाऱ्या त्या गड्याच्या पायावर ग्लोव्ह टेकवला. पुढच्या क्षणी दोघं धुळीत. अंपायर वाकून बघत राहिला. चेंडू धरलेला ग्लोव्ह आधी लागला तर बाद, पण धक्क्याने चेंडू सुटला असेल तर नाही. ताईने पडल्या पडल्या ग्लोव्ह वर उचलला. चेंडू आतच होता. इतका आत की कडक कातड्यात पाचरीसारखा रुतून बसला होता, आणि नंतर तो लेनार्टला दोन्ही हातांनी उपटून काढावा लागला.

अंपायरची मूठ वर गेली, म्हणजे बाद. कोलोन अंतिम फेरीत.

होल्गर ताईपाशी चालत गेला. तिचा सुजलेला अंगठा पाहिला, ग्लोव्ह पाहिला, हिरवी दोरी पाहिली. "तुला हे कुणी शिकवलं?"

"चिखलीच्या दत्ता सरांनी."

"त्यांना सांग, मी दोन वर्षं चुकीचं ओरडत होतो." मग अंगठ्याकडे बोट करून तो म्हणाला, "पण बोट मोडतं, हे खरं आहे हां."

अंतिम सामना ते हरले. घासून वगैरे नाही, चांगले सणसणीत हरले. पाडरबोर्नची पोरं चांगली होती आणि लेनार्टचा खांदा दमला होता. पण उपविजेत्यांची पदकं गळ्यात घालून ती टीम ज्या ऐटीत उभी राहिली, ती बघून विजेत्यांनाच आपलं काही चुकलं की काय वाटलं असेल. टिमोने ताईला खांद्यावर घेतलं. वरून ती म्हणत होती, "उतरव रे, पडेन," ते मराठीत. टिमोला काय कळणार.

मग तिथूनच तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी पंखा दिसला, मग लीलाबाई आणि यादवराव.

"अहो, पदक पाहा तिचं," लीलाबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "आणि ते हातमोजं एवढं काळं काहून झालं गं?"

प्रसन्न पदकाच्या रिबिनीत तोंड लपवता येतं का बघत होता.

"जपलंय आई," ताई म्हणाली. "तेल पाजलंय त्याला. हा आपला मलकापूरचा भाऊ आहे ना, त्याने."

"शहाणा पोरगा दिसतो," लीलाबाई म्हणाल्या.

"लय शहाणा," ताई म्हणाली.

यादवराव पडद्याजवळ सरकले. त्यांनी विचारलं, "दोरी टिकली का?"

ताईने ग्लोव्ह कॅमेऱ्यासमोर धरला. "टिकली, बाबा. कातडं हरलं, दोरी नाही."

"मंग झालं," यादवराव म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. पुसतच राहिले. शेवटी लीलाबाईंनी फोन आपल्याकडे घेतला.

ताई आता गेर्लिंगेनला असते. तिथे शेजारच्या गावात एक क्लब शोधून ती पुन्हा फलंदाजाच्या मागे जाऊन बसली आहे. नवा ग्लोव्ह घेतलाय. जुना कामाच्या टेबलावर असतो. कुणी विचारलं तर ती सांगते की कोलोनमध्ये नदीकाठी याचं श्निट्झेल झालं होतं. लोकांना ती थट्टा वाटते.

राहिला केक. प्रसन्नने आधी शंकरपाळे करून नेले. टीमने सगळे संपवले आणि मग मतदान घेऊन ठरवलं की हा केक नाही. दुसऱ्या वेळी त्याने खरंच केक भाजला, पुस्तकात बघून, व्यवस्थित फुगलेला. पण तो भाजला त्याच ओव्हनमध्ये. पहिला तुकडा लेनार्टने तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि विचारलं, "यात चपला आहेत का?"

तेव्हापासून प्रसन्न ओव्हन घासतो आहे. सोड्याने घासून झाला, लिंबाने घासून झाला. गरम केला की अजून जवस आणि कातडं दरवळतं. टीमच्या ग्रुपवर दर रविवारी होल्गरचा एकच शब्द येतो: कूखन? म्हणजे केक? त्याखाली गेर्लिंगेनहून ताईचा अंगठा असतो; तो आता बरा झालाय. परवा तिने एक ओळ जोडली: "केक झाला की सांग, तुकडा घ्यायला येईन. आणि ओव्हनला तेल लावू नको."

प्रसन्नने उत्तर दिलं, "पुढच्या रविवारी नक्की."