आक्कानं ताट झाकून का ठेवलं नाही

उचगावच्या अंजना आक्काला राग आला की ती ओरडत नाही, शिलाई मशीन इतक्या जोरात चालवते की शेजारचा किराणावाला डोकावून बघतो. गेला महिनाभर तो रोज डोकावतोय. कारण एक कादंबरी.

फॉल-पिकोच्या दुकानात बसून आक्कानं खुनाच्या कादंबऱ्या पोत्यानं वाचल्यात. कोल्हापुरातल्या वाचनालयात नवी आली की सगळ्यांच्या आधी तीच घरी नेणार. ही तर निवृत्त इन्स्पेक्टर विजयसिंहसाहेबांनी लिहिलेली. आक्काच्या धाकट्या भावाच्या, बाहुबलीच्या खुनाचा तपास याच साहेबांनी केला होता. कागलच्या एमआयडीसीतून परतताना गाडी घासल्यावरून ट्रकच्या क्लीनरशी बाहुबलीचा वाद झाला आणि क्लीनरनं त्याच्या डोक्यात पाना घातला. दुसऱ्या दिवशी सापडला, कबूल झाला, कोर्टातून शिक्षाही लागली. आता इतक्या सरळ खुनाची कादंबरी कशी होणार? मग साहेबांनी नावं-गावं बदलली आणि खून करवणारी शोधून काढली. मेलेल्या माणसाची थोरली बहीण, फॉल-पिको करणारी.

आणि पुरावा काय, तर त्या संध्याकाळी बहिणीनं भावासाठी ताट झाकून ठेवलं नव्हतं. म्हणजे भाऊ घरी येणार नाही हे तिला आधीच ठाऊक होतं!

अहो, जैनाचं घर ते. दिवस मावळल्यावर बाहुबली अन्नाला शिवत नसे. उशीर होणार असला की डबा कारखान्यातच खाऊन यायचा. मग ताट झाकायचं कुणासाठी? बरं, साहेबांना हे माहीत नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. तपासाच्या दिवसांत ते आक्काच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायले होते, आणि त्यांनी विचारलं म्हणून तिनंच हे सगळं समजावून सांगितलं होतं. दुःखाच्या घरात आलेल्या माणसाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट. त्यानं ती उचलली आणि तिच्याच गळ्यात बांधली. याला लेखन म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

लोक मात्र खूश. "पोलिसानंच लिवलंय म्हंजे आतलं असणार की," असं दुकानाच्या पायरीवरच बोलायचे आणि साड्या दुसरीकडं न्यायचे. तेही आक्कानं गिळलं असतं. पण इचलकरंजीहून आदितीचा फोन आला. आदिती ही बाहुबलीची मुलगी. बाप गेला तेव्हा बालवाडीत होती, पुढं आईबरोबर आजोळी वाढली, आता कॉलेजात जाते.

"आत्या, त्या दिवशी पप्पांसाठी ताट का झाकून ठेवलं न्हाईस?"

आक्कानं सांगितलं. पोरगी नुसतं "बरं" म्हणाली. भावाचं मढं बघताना तुटलं नव्हतं इतकं आक्काचं काळीज त्या एका शब्दानं तुटलं, आणि मग ती पेटली.

वाचनालयानं साहेबांना बोलावून कादंबरीवर चर्चा ठेवली होती. एकानं गुण सांगायचे, एकानं दोष. "मला बोलायचं हाय," म्हणत आक्का अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी घाबरत घाबरत तिला गुणांची बाजू दिली. गुणांत कसलं आलंय भांडण, असा त्यांचा हिशेब. आक्कानं आदितीला मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवलं.

"साहेबांचा हात चांगला हाय," आक्का बोलू लागली. "पंचनामा असा लिवलाय की रक्ताचा वास येतोय. कुठं पाल्हाळ न्हाय. संशय एकावरनं दुसऱ्यावर असा सरकवत नेलाय की पुस्तक खाली ठेववत न्हाय. आणि शेवट वाचताना तर मलाच वाटलं, बाई, हिनंच केलं असंल!"

लोक हसले. मंचावर साहेब मान डोलवत होते.

"एवढं चांगलं लिवलंय म्हणूनच माझा घात झालाय. वाईट लिवलं असतं तर कुणी इस्वास ठेवला नसता. साहेब, ही बाहुबलीची पोरगी. तुम्हीच पकडलं न्हवं खुन्याला? मग हिच्या तोंडावर सांगा, हिच्या बापाला कुणी मारलं."

साहेब सावकाश उठले, सगळ्यांकडं बघून हसले.

"आक्का, कादंबरी ती कादंबरी. आणि अजून बऱ्याच जणांनी वाचायची आहे. रहस्यकथेचा शेवट असा चारचौघांत फोडायचा नसतो."

हशा पिकला, टाळ्या पडल्या. मेल्यांनो, टाळ्या कसल्या वाजवता? पण वाजवल्या. दोष सांगायला आलेले प्राध्यापक मधली प्रकरणं जरा लांबलीत, छपाईच्या चुका राहिल्यात, एवढं बोलून खाली बसले.

आक्का आदितीला घेऊन जिना उतरली. अंगाची नुसती लाही लाही होत होती. रस्त्यावर आल्यावर आदितीनं तिचा हात धरला. हळूच म्हणाली, "आत्या, तुझ्यावर इस्वास हाय माझा. पण एवढं विचारूनबी साहेबांनी नाव का सांगितलं न्हाय?"

आक्का जागच्या जागी थांबली. वर साहेब पुस्तकांवर सह्या करत बसले होते, त्यांचं हसणं खाली ऐकू येत होतं. आक्कानं पोरीचं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा जिना चढायला लागली.