ब्रेकची खूण नव्हती

त्या पावसाळ्यात आमचे युनिट गोव्यात होते. मी ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये हवालदार, गाव सावंतवाडीकडचे. डिचोलीत पूर आला तेव्हा तीन गाड्या घेऊन आम्ही मदतीला गेलो. दोन दिवस बाजारपेठेतून माणसे काढून शाळेत पोचवली. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोके टेकून मिळेल तेवढी झोप घेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरले. परतायची तयारी चालू असताना वायरलेस सेटवर हुकूम आला. पेडण्यात पाणी चढतेय, पार्से बाजूला निघा.

दुसरी गाडी नाईक दत्ताराम गावस चालवायचा. तो पार्शाचाच. घरी म्हातारी आई एकटी.

सुभेदारसाहेबांनी त्याचे डोळे पाहिले. "गावस, पीछे बैठ. गाडी दूसरा चलाएगा."

"साब, मेरे घर का रास्ता है. नींद नहीं आएगी."

साहेबांनी त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "चल."

पाऊस थांबला होता. ऊन पडले होते, रस्ता मोकळा. पुराच्या पाण्यात गाडी घालताना कुणाला झोप येत नाही. ती येते अशा रस्त्यावर. मी पहिल्या गाडीत होतो.

"टू, वन बोल रहा हूँ. ठीक? ओव्हर."

"वन, ठीक. ओव्हर." गावसशेजारच्या ऑपरेटरचा आवाज.

अस्नोड्याच्या पुढे खनिजाचा एक रिकामा ट्रक बंद पडून अर्धा रस्त्यावर उभा होता. मागे लाल दिवा नाही, साधी झाडाची फांदीही नाही. आम्ही बाजूने निघालो. मी सेटवर सांगितले, "ट्रक खड़ा है, दाहिने से निकलो."

उत्तर आले नाही. आवाज आला तो मागून, गाडी ट्रकवर आदळल्याचा.

मागचे जवान वाचले. ऑपरेटरचा हात मोडला. स्ट्रेचरवरून तो सारखे एकच सांगत होता, "मैंने बोला उसको. आँखें खुली थीं उसकी." गावस जागीच गेला. मी रस्ता चालत मागे गेलो. उन्हाने वाळलेल्या डांबरावर ब्रेकची खूण नव्हती.

पार्शाला पाणी शेतापर्यंतच आले होते. गावसचे घर कोरडे होते.

त्याला घरी घेऊन मी गेलो. आईने आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग मला विचारले, "झोपलेलो काय रे तो?"

"होय, आये."

तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "मगे भियालो नाय मां?"

"नाय, तो घाबरूक नाय," मी म्हणालो. तेवढेच मला नक्की ठाऊक होते.