राउटरनं पाडलेली लाटांची खाच

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी नेमकं चिडायचं कुणावर तेच कळेना, आणि खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही.

आमचं दुकान मिरजेत. वडील, म्हणजे आण्णा, तरुणपणी जतहून इथं आले, सतारीच्या एका कारखान्यात झाडलोट करत करत काम शिकले आणि पुढं स्वतःच्या सतारी, तंबोरे करू लागले. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो आणि चाळिशीत गिटारीच्या नादाला लागलो. गिटार त्यांनी एक वेळ चालवून घेतली असती, पण माझा राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं विजेचं यंत्र, त्यांच्या डोक्यात जायचा. "किंचाळतंय नुसतं! हत्यार कवा वरडतंय व्हय रं?" असं म्हणून ते उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे.

अशात साताऱ्याच्या एका निवृत्त फौजीनं माझ्याकडं गिटार सांगितली. लाकूड जुनं, मुरलेलं पाहिजे म्हणाला. तसलं लाकूड एकच होतं: आण्णांची तुणाची फळी. माझ्या जन्माआधीपासून ती माळ्यावर होती. मी मागितली, तर चार दिवस माझ्याशी बोलणं बंद. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच फळी खाली काढून माझ्यापुढं ठेवली. "घे. पर ह्ये बिघडलं तर त्ये यंत्र भंगारात घालायचं आन् गप सतारीला बसायचं. कबूल?"

म्हटलं, कबूल. दुसरं काय म्हणणार!

गिटारीची पेटी झकास जुळली. राहिली कडेची पट्टी. पेटीच्या वरच्या कडेनं चौफेर बारीक खाच पाडतात आणि तीत पट्टी चिकटवतात, म्हणजे कड दिसते नीटस आणि टवकेही उडत नाहीत. आण्णा असलं काम पटाशीनं करतात. मी त्यासाठी सांगाडा बनवला होता. वर राउटर उभा टांगलेला, कपाटाच्या ड्रॉवरला लावतात त्या पट्ट्यांवर वर-खाली सरकणारा, आणि खाली पेटी ठेवायला लाकडी पाळणा. राउटरच्या पात्याखाली एक इवलंसं बेरिंग असतं. ते पेटीच्या अंगाला टेकून गोल फिरतं आणि पात्याला ठरल्यापेक्षा जास्त आत जाऊ देत नाही. म्हणून खाच सगळीकडं सारखी पडते. म्हणजे पडायला पाहिजे.

त्या खंडेनवमी-दसऱ्याला मी घरी नव्हतो. फौजीची बोटं किती लांब आहेत ते बघून गिटारीचा दांडा ठरवायचा म्हणून साताऱ्याला गेलो होतो. परत आल्यावर सकाळी पेटी पाळण्यात ठेवली आणि राउटर चालू केला. अर्धा फेरा झाल्यावर सहज बोट फिरवून बघितलं. खाचेला लाटा! खोल, उथळ, खोल, उथळ.

सांगाडा तपासला, तो पक्का. पाळणा लेव्हलमध्ये. पातं धारदार. मग वाटलं, विजेचा दाब कमी-जास्त होत असणार. मी तिथूनच बायकोवर ओरडलो, "मिक्सर कुणी लावलाय?"

"मिक्सर जळून महिना झाला," ती आतून म्हणाली. "दुरुस्तीला तुम्हीच नेणार होता."

खाली बसलो आणि मोजपट्टी लावून लाटा मोजल्या. दर दीड इंचावर एक उंचवटा, अगदी हिशेबात. डोकं पार चक्रावलं. बिघाड इतका शिस्तीत कसा होईल? गोल फिरणारंच काहीतरी असलं पाहिजे म्हणून प्लग काढला आणि बेरिंग उजेडात धरलं. त्याच्या एका बाजूला पिवळा-लाल थर वाळून दगड झाला होता; बेरिंगच्या दर फेऱ्याला तो पेटीला टेकला की पातं बाहेर ढकललं जात होतं. थरात तांदळाची अर्धी कणी.

हळद-कुंकू. अक्षता.

खंडेनवमीला आण्णा पटाशा, कानशी, रंधे पाटावर मांडून पूजा करतात आणि कुंकू लावतात ते बरोबर धारेला, जिथं हत्यार काम करतं तिथंच. मी तीन वर्षं राउटर पाटाशेजारी ठेवत होतो आणि तीन वर्षं ते तो उचलून कोपऱ्यात सारत होते. यंदा मी नसताना त्यांनी तो आपणहून पाटावर घेतला होता.

चिडू का रडू, मला कळेना. ज्या कुंकवासाठी इतकी वर्षं झुरलो त्यानंच माझी पेटी नासवली होती. चिंधीला थिनर लावून मी बेरिंग घासत बसलो, तेवढ्यात आण्णा आत आले. त्यांनी खाचेवरून अंगठा फिरवला.

"हं," ते म्हणाले. "कशानं झालं ह्ये?"

एका वाक्यात राउटर वाचला असता. तोंड उघडलंही होतं मी. पण "आवं, तुमच्या कुंकवानं" हे काही जिभेवर येईना.

"माजा हात हलला, आण्णा."

"यंत्रानं न्हवं?"

"न्हवं."

"दर दीड इंचाला हात हलला व्हय रं तुजा?"

त्यांनी चष्मा लावला आणि खाच पुन्हा निरखली. "उंचवटंच हाईत. जादा कुटं खाल्लं न्हाई. फिरीव परत, निघून जातील." मग त्यांची नजर चकचकीत बेरिंगवर गेली आणि तिथून माझ्या हातातल्या लाल झालेल्या चिंधीवर. मला वाटलं, आता संपलं सगळं.

ते आत गेले आणि देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन आले. बोटानं राउटरच्या वरच्या काळ्या मुठीवर एक टिकली लावली.

"हितं चालतंय न्हवं?"

मी मान हलवली. मग त्यांनी पाळण्याची दुसरी बाजू घट्ट धरली आणि म्हणाले, "लाव चालू."