खोक्यावरचं हळदकुंकू

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये भेटले की हवापाण्याचं बोलत नाहीत. "काय म्हणता, कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड बदलू की थांबू?" एवढंच विचारतात. बदला म्हटलं की म्हणतात, "नको, पुढचं मॉडेल येतंय." थांबा म्हटलं की म्हणतात, "थांबून काय मिळणार?" खारघरला राहायला आल्यापासून मी हेच ऐकतोय. बोलता बोलता ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतात आणि डोळ्यांवर न लावताच आपल्या मजल्यावर उतरतात.

दसऱ्याला त्यांनी कार्ड आणलं एकदाचं. सोनं द्यायला गेलो, तेव्हा कॉम्प्युटरशेजारी त्याचं खोकं पुजलेलं होतं. हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

गेल्या रविवारी सकाळी सोसायटीच्या कामासाठी पुन्हा गेलो. काका ट्रक चालवायचा गेम खेळत होते. जोडीला कॅनडातला मुलगा होता, त्याचा ट्रक बराच पुढे. काकांच्या स्क्रीनवर मात्र घाट चढताना चित्र सारखं अडकत होतं.

"पप्पा, कुठे राहिलात? वळणावर थांबलोय मी," स्पीकरमधून आवाज आला. "नवीन कार्ड लावलंत ना?"

"लावलं रे. तरी अडकतंय."

खोकं जागच्या जागी होतं. हळदकुंकू सुकलेलं, सील तसंच. माझी नजर तिकडे गेलेली काकांनी पाहिली. त्यांनी खोक्यावर शांतपणे पेपर टाकला आणि मुलाला म्हणाले, "तू थांब, आलोच."